हुरड्याच्या दिवसांत पाहिलेलं घर

पौष लागला की आमच्या मंगळवेढ्याला सकाळी धुकं उतरतं. नऊ-दहाच्या सुमारास ते विरतं आणि काळ्या रानातला जोंधळा एकदम जवळ आल्यासारखा दिसायला लागतो. कणसं हुरड्याला आलेली असतात. गल्लीत मग एकच विषय. आगटी कुणाच्या रानात पेटवायची, शेंगदाण्याची चटणी कुणी कुटायची, दही कुणाकडचं आणायचं. या दिवसांत पाहुणे न बोलावता येतात आणि कुणाला त्यांचा कंटाळा येत नाही. परवा शेजारची सून दारात उभी राहून म्हणाली, "आजी, उद्या रानात यायचं बरं का. मागल्या साली पाय दुखतोय म्हणालात. औंदा न्हाय ऐकायची मी."

मी हो म्हटलं. पाय दुखतो हे खोटं नाही. पण ते खरं कारणही नाही. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजल्या जाणाऱ्या कणसांचा वास आला की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि मी मान खाली घालते. पन्नास वर्षांत याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. अगदी गेल्या रविवारपर्यंत.

कारण अक्का. म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण.

सोलापुरात आमच्या दोन खोल्या होत्या, एका गिरणीच्या मागच्या चाळीत. पहाटे भोंगा व्हायचा, त्याच्या पाठोपाठ गल्लीतले माग सुरू व्हायचे, आणि त्या खडखडाटात तिसरा आवाज अक्काच्या शिवणयंत्राचा. सासरे गिरणीत होते. ते गेले, मागून सासूबाई गेल्या, तेव्हा हे शाळेत होते. अक्कानं ब्लाउज आणि परकर शिवून ह्यांना शिकवलं, पदवीपर्यंत नेलं आणि नोकरीला लावलं. मग माझ्यासारखी मॅट्रिक झालेली, शुद्ध बोलणारी मुलगी शोधून ह्यांचं लग्न लावून दिलं. मला पाहायला मोहोळजवळच्या आमच्या गावी आली होती तेव्हा तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. मला वाटलं, लाजरी आहे. लग्नानंतर कळलं.

अक्काच्या अंगावर कोड होतं. तिच्या स्वतःच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ओठाच्या कडेला तांदळाएवढा ठिपका उठला. मग हनुवटी, मग बोटं. सासरच्यांनी तिला दिवाळीला माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. हे सगळं ती अशा आवाजात सांगायची, जसं कुणी सांगावं की अमक्या साली आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं नाही. रडायची नाही. चाळीतल्या मागवाल्यांच्या बायका, तेलुगू बोलणाऱ्या, तिच्याकडे कापडं टाकायच्या. तिच्या पांढऱ्या बोटांकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. शिलाई सरळ आहे ना, एवढंच त्या बघायच्या.

वळून पाहायची ती मीच.

माझ्या लेकीच्या, मंजूच्या बाळंतपणात माझी आई आठ दिवस राहून गेली. पुढचा सव्वा महिना अक्कानं काढला. शेगडी, धुरी, पोरीची मालिश, माझ्यासाठी डिंकाचे लाडू. रात्री पोर रडली की माझ्याआधी ती उठायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे काही लागत नाही, स्पर्शानं होत नाही. मला कळत होतं, पण वळत नव्हतं. अक्का पाणी भरायला नळावर गेली की मी पदराचं टोक भिजवायची आणि तिनं जिथं पापा घेतलेला असेल तो मंजूचा गाल पुसून काढायची. एकदा ती रिकामी घागर घेऊन लवकर परत आली. नळ गेला होता. मी पुसत होते. ती दारातच थांबली. मग म्हणाली, "लाळ लई गळती का गं?"

"हो," मी म्हटलं.

"दात यायचे आसत्याल." एवढं बोलून तिनं घागर पालथी घातली. मंजू तीन महिन्यांची होती.

माझी आई अधूनमधून यायची आणि अक्का बाहेर गेली की आवाज बारीक करून बोलायची. "लेक हाय तुला, सुमन. उद्या तिचं लगीन जमवायला बसलीस की पावनं पयलं इचारत्याल, घरात कुणाला हाय का म्हून. आत्तापासनंच येगळी ऱ्हा." मी आईवर चिडायची. "काहीतरीच बोलतेस," म्हणायची. पण ते बोलणं पुसून टाकलं नाही मी. ते ठेवून घेतलं.

मंजू दोन वर्षांची झाली त्या मार्गशीर्षात ह्यांना वरची जागा मिळायची वेळ आली. हे एका संस्थेच्या मुख्य कचेरीत कारकून होते. वरची जागा हवी तर सोलापूर सोडायचं, अकलूज, माळशिरस किंवा मंगळवेढं यातलं एक निवडायचं. पौष संपायच्या आत कळवायचं. नको असेल तर आहे तिथं राहायचं. रात्री जेवताना ह्यांनी विषय काढला आणि आमच्या दोघींकडं पाहिलं.

"जायाचं की!" अक्का म्हणाली. "माझं मशिन काय, कुटंबी बसतंय."

तिचा चेहरा उजळला होता. सासरची दोन वर्षं सोडली तर ती सोलापूरच्या बाहेर राहिलीच नव्हती. त्या रात्रीपासून तिचे प्रश्न सुरू झाले. तिथं पाणी कसं आहे? बायका शिवून घेतात का, की तयार कपडे घालतात? शाळा जवळ आहे का मंजूला? तिची स्वतःची मागणी एकच होती. उगवतीकडं एक खिडकी असावी, म्हणजे सकाळच्या उजेडात सुईत दोरा ओवता येईल. ह्यांच्या मनात अक्का बरोबर येणारच होती, हे इतकं धरून चाललेलं होतं की त्याबद्दल बोलायचीही गरज नव्हती. तिच्याही मनात तेच. त्या ताटांभोवती बसलेल्या तिघांत एकटी मीच होते, जी दुसरंच काहीतरी पाहत होते. एक नवं गाव. तिथं आम्हाला कुणी ओळखत नाही. तिथं आम्ही तिघंच राहतो. मी, हे आणि मंजू.

अकलूजला आम्ही सगळेच गेलो, एका रविवारी. कालव्याचं पाणी, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ऊस, मळीचा गोडसर आंबूस वास. गाव पाहताक्षणी आवडावं असं. बहात्तरचा दुष्काळ सोलापुरात काढलेल्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की तिथंच बसावंसं वाटतं. घर सिमेंटचं होतं, आत नळ होता. घरमालकांनी किल्लीसुद्धा खुंटीवरून काढून हातात घेतली होती. मग त्यांच्या बायकोनं चहा आणला. ह्यांना दिला, मला दिला, आणि तिसरी कपबशी पुढं करताना तिची नजर अक्काच्या बोटांवर गेली. कपबशी तशीच मागं गेली. ती आत गेली आणि कान तुटलेल्या दुसऱ्या कपातून चहा घेऊन आली. तो तिनं अक्काच्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला.

अक्कानं चहा प्याला. मग उठून मोरीवर कप विसळला आणि भिंतीकडेला पालथा ठेवला. घरमालक किल्ली परत खुंटीला अडकवत म्हणाले, "बघतो. अजून एका गृहस्थांना शब्द दिलेला आहे."

आम्ही एसटीच्या थांब्याकडं निघालो. हे उसाकडं बघत चालले होते. शेवटी अक्काच म्हणाली, "ऊस लई हाय बाबा हितं. पोरीला मुंग्या चावत्याल." आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. आत मात्र माझा जळफळाट चालला होता आणि तो त्या घरमालकिणीवर नव्हता. हात पदराखाली घ्यायला काय झालं होतं, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

माळशिरसला हे एकटे जाऊन आले. रात्री अंथरुणावर पडल्यावर हळू आवाजात मला म्हणाले, "खोल्या बऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, घरात कोण कोण. मी अक्काचं सांगून टाकलं. मग ते बघू म्हणाले."

"सांगायची काय गरज होती?"

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, "बहीण आहे ती माझी." आणि कूस बदलली.

उरलं मंगळवेढं. ह्यांना रजा मिळेना आणि पौष तर अर्धा उलटला होता. कचेरीतल्या कुणीतरी एका घराचा पत्ता दिला होता. हे म्हणाले, "आता तुम्ही दोघीच जाऊन या. राहायचं तुम्हाला आहे. पसंत पडलं तर हो म्हणून टाका." मंजूला कानटोपी घालून आम्ही सकाळची एसटी धरली. खिडकीतून गार वारा येत होता. भीमा ओलांडली आणि पुढं दोन्हीकडं जोंधळाच जोंधळा. ना कालवा, ना ऊस. कोरडवाहू गाव. पण सगळं शिवार कणसांनी वाकलेलं होतं आणि बांधाबांधावर धूर दिसत होता. अक्का मंजूला मांडीवर घेऊन दाखवत होती, "त्ये बघ, हुरडा भाजायलेत."

पत्त्यावरचं घर गावाच्या कडेला होतं, मातीच्या माळवदाचं, आणि घराला लागूनच रान. वाटेत एक वासरू बांधलेलं होतं. ते बघायला मंजू हटून बसली म्हणून अक्का तिला घेऊन मागं थांबली आणि मी पुढं गेले. घरमालकीण सोनाबाई पन्नाशीच्या. उंच, कपाळावर मोठं कुंकू, हातात सूप.

"या की. आफिसातल्या सायबांच्या मंडळी न्हवं तुमी?"

कारकुनाची बायको मी. साहेबांची मंडळी म्हटल्यावर जरा ताठ झाले. सोनाबाईंनी दार उघडलं. दोन खोल्या, मागं पडवी, स्वच्छ सारवलेली जमीन. आणि आतल्या खोलीत उगवतीकडं एक खिडकी, तिच्यातून उन्हाचा पट्टा सरळ मधोमध पडलेला. मला ते घर बघताक्षणी माझं वाटलं. इतकं माझं, की ते हातचं जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. तेवढ्यात दारात सावली पडली. मंजूला कडेवर घेऊन अक्का उंबऱ्याशी आली होती. चेहरा पदरात होता, पण पोरीभोवती धरलेले दोन्ही हात उघडे.

सोनाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या कोण?"

"कामाला असतात आमच्याकडे," मी म्हटलं. "आजच्या दिवस सोबतीला आणलंय."

अगदी स्वच्छ, शाळेत धडा वाचावा तशा शुद्ध मराठीत म्हटलं. ते वाक्य अडखळत आलं असतं, निदान आवाज तरी कापला असता, तर आज मला थोडं बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. ते तयारच होतं. बहुतेक अकलूजहून परत येतानाच्या एसटीत ते तयार झालं होतं.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. गर्दीत कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तर मुद्दाम पडला की चुकून, हे बघायला आपण वळतो ना, तेवढंच. राग नव्हता त्यात. मग तिनं मंजूला खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला, कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि म्हणाली, "बाई, ही खोली आदी झाडू का ती?"

मला "बाई" म्हणाली. मला, जिला ती "सुमे" म्हणायची.

"ती," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

ती झाडू लागली. वरची जळमटं, कोनाडे, दाराच्या मागचा कोपरा. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती मन लावून झाडत होती. मंजू तिच्या लुगड्याला धरून मागं मागं चालली होती आणि म्हणत होती, "आत्त्या, घे. आत्त्या, उचल."

सोनाबाई ऐकत होत्या. मी म्हटलं, "सगळ्यांनाच म्हणते ती तसं."

आतल्या खोलीत जाऊन अक्का खिडकीशी जरा थांबली. मला तिची पाठ दिसत होती. हात चौकटीवरून फिरत होते. धूळ पुसतेय असं मला वाटलं.

मग सोनाबाई आम्हाला मागच्या रानात घेऊन गेल्या. तिथं आगटी पेटलेली होती. घोंगडं अंथरलं होतं, त्यावर मला बसवलं. अक्का आपणहून लांब बांधावर जाऊन बसली. सोनाबाईंनी विस्तवातून कणसं काढली, गरम गरम हातावर चोळली, फुंकर घालून भुसकट उडवलं आणि हिरवे दाणे माझ्या ओंजळीत घातले. मऊ, गोड, धुराचा वास असलेले. दुसऱ्या वेळेला त्या उठल्या, चालत बांधापर्यंत गेल्या आणि अक्काचा हात आपल्या हातात धरून त्यात हुरडा ओतला. मी ते पाहिलं. पण त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती. मी घराचा विचार करत होते.

परतीच्या एसटीत मंजू अक्काच्या खांद्यावर झोपून गेली. भीमेचा पूल आला तेव्हा अक्का म्हणाली, "घर चांगलं हाय. घ्या."

इतके दिवस ती "घेऊ" म्हणत होती. अकलूजला जाताना "घेऊ", माळशिरसचं निघालं तेव्हाही "घेऊ". आता "घ्या" म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

घरी आल्यावर तिनं ह्यांना सांगितलं, "घर पसंत हाय सुमनला. मातूर मला न्हाय जमायचं बाबा. गिऱ्हाईक सगळं हितलं. नव्या गावात कोण देतंय कापड?"

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, मशिन कुठंही बसतं म्हणून?"

"म्हणत हुते."

"मग आता काय झालं? तिथं कुणी काही बोललं का?" ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी परातीत पीठ मळत होते. तो क्षण मला अजून दिसतो. पीठ हाताला चिकटलेलं, आणि हे वाट बघतायत.

"कोण बोलतंय?" अक्काच म्हणाली. "लई चांगली बाई हाय ती. हुरडा खाऊ घातला आमाला." माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

ह्यांनी चार दिवस तिची मनधरणी केली. नोकरीतली वरची जागाच नको म्हणाले. मग ती चिडली. "म्या तुला शिकवला त्ये काय हितं बसायला व्हय?" एवढं म्हटल्यावर त्यांना बोलायला जागा उरली नाही. आम्ही मंगळवेढ्याला आलो. सामान तिनंच बांधून दिलं. त्यात कापडाची एक घडी होती. इथं येऊन सोडली तर खिडकीचा पडदा निघाला, निळ्या फुलांचा. उगवतीच्या खिडकीला लावला आणि तो तंतोतंत बसला. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. त्या दिवशी चौकटीवरून हात फिरवत ती वितीनं माप घेत होती. घर तिचं होणार नाही हे कळल्यानंतर घेतलेलं माप होतं ते.

ह्यांना मी म्हटलं, "बघा, किती छान शिवलाय." आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मंगळवेढं लवकरच आपलंसं झालं. कोरडं गाव, पण माणसं ओली. सोनाबाईंनी मला भाकरी थापायला नव्यानं शिकवलं. आमची सोलापूरची भाकरी त्यांना जाड वाटायची. मंजू त्यांच्या अंगणात वाढत होती. ह्यांना कचेरीत मान होता. शेजारणी विचारायच्या, "घरात कोण कोण?" मी म्हणायची, "आम्ही तिघंच." दर वेळी हे उत्तर थोडं आणखी सोपं होत गेलं.

वर्षानं पुन्हा संक्रांत आली. मी सोनाबाईंना तिळगूळ द्यायला गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. तिळगूळ तोंडात टाकून त्यांनी सहज विचारलं, "तुमची नणंद येत न्हाय व्हय कदी हिकडं?"

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. "कोण नणंद?"

"आता बया! त्या दिशी आलत्या की. झाडून काडलं घर." त्या शेंगा फोडतच होत्या. "पोरगी आत्त्या आत्त्या म्हणून गळ्यात पडली व्हती. आन् पोरीचं नाक डिट्टो त्यांचंच. कामाची बाई पोरीला असं छातीशी धरतीय व्हय? मला तवाच कळलं."

मी वाटी खाली ठेवली. शेवटी कसंबसं विचारलं, "मग तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? त्या बोलल्या न्हाईत, मी कशाला बोलू? त्यांनी तुमची लाज राखली, ती म्या उघडी करू?" मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "डागाला काय मी भ्याले आस्ते व्हय? माझ्या सासऱ्यास्नी व्हतं. त्यांच्या ताटात जेवलीय मी. घर दिलंच आस्तं. आता बी काय बिगडलं न्हाय. आणा की त्यास्नी. दोन खोल्यांत तिगं काय आन् चौगं काय."

घरी आले आणि दार लावून बसले. बांधापर्यंत चालत गेलेल्या सोनाबाई मला आठवल्या. अक्काचा हात हातात धरून ओतलेला हुरडा आठवला. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. उंबऱ्यावर क्षणभर थांबून मी खरं बोलले असते, तरी घर मिळालं असतं, खिडकी मिळाली असती, त्या खिडकीशी अक्काचं यंत्र असतं. माझं खोटं कुणाच्याच कामाचं नव्हतं. चार दिवस मी खूप रडले. आणि त्या रडण्यानं आपण सुटलो, असंही मला वाटायला लागलं.

पुढच्याच आठवड्यात पिशवीभर हुरडा घेऊन मी सोलापूरला गेले. ह्यांना म्हटलं, अक्काला भेटून येते. पायी चाळीपर्यंत जाताना सगळं मनाशी जुळवत होते. पाया पडायचं. माफी मागायची. चला म्हणायचं. दारात पोचले तेव्हा अक्का यंत्रावर बसून दोन बायकांशी तेलुगूत बोलत होती, चांगली घडाघडा. त्यांतली एक नवी होती, तिनं माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. अक्का यंत्र न थांबवता मराठीतच म्हणाली, "माझी भावजय. मंगळवेढ्याला आस्ती. मॅट्रिक हाय."

त्या बायका गेल्या. अक्कानं चहा केला. मंजूचं विचारलं, ह्यांच्या खोकल्याचं विचारलं. "खिडकीत ऊन येतंय का?" म्हणाली. मी म्हटलं, "येतं. पडदा अगदी बरोबर बसला." ती म्हणाली, "बरं झालं." मग ती गप्प बसली. मला बोलायला जेवढी शांतता हवी होती, तेवढी तिथं होती. माग दुपारचे थांबले होते. ती माझ्यासमोर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी तिच्या बोटांकडं पाहिलं. पांढरेपणा आता मनगटापर्यंत आला होता.

"निघते," मी म्हटलं. "एसटी चुकेल."

तिनं मला चाळीच्या तोंडापर्यंत सोडलं.

पुढं सगळं रीतसर झालं. अक्का दिवाळीला दोन दिवस यायची, पाहुणीसारखी. सोनाबाई तिला आग्रहानं जेवायला घालायच्या आणि मग माझ्याकडं पाहायच्या. पण पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मंजू प्रत्येक मे महिन्यात आत्याकडं राहायची, तिथं तेलुगू शिकून आली, शिवण शिकून आली. तिच्या लग्नाच्या वेळी तिनं स्वतःच मुलाला सोलापूरला नेऊन आत्याला भेटवलं. त्या मुलानं वाकून अक्काच्या पायांना हात लावला, आणि लग्नही झालं. माझ्या आईची भीती, माझी भीती, एवढीच होती ती. अक्कानं चाळीतल्या कितीतरी मुलींना हातशिलाई शिकवली. ती गेली तेव्हा त्या दोन खोल्यांत बायका मावत नव्हत्या. ज्या गावात आपण मावतो असं गाव शोधायला आम्ही तीन ठिकाणी हिंडलो. तिचं गाव ती बसली होती तिथंच होतं, असं म्हणून मी कित्येक वर्षं स्वतःची समजूत काढली. बरी समजूत आहे ती. पण ते गाव तिनं निवडलेलं नव्हतं. मी तिला तिथं ठेवून आले होते.

हे सात वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी सांगितलं नाही.

गेल्या रविवारी मंजू आली होती. ती आता सोलापुरातच असते, शाळेत शिकवते. जेवून पडवीत बसलो होतो. रानाकडून धूर येत होता. ती म्हणाली, "आई, तू हुरड्याला का जात नाहीस गं?" आणि मी सांगायला लागले. सगळं सांगितलं. ओला पदर, अकलूजचा कप, केरसुणी, पडदा. सोनाबाईंची संक्रांत आणि सोलापूरची ती दुपार. मंजू पन्नाशी उलटलेली बाई आहे, पण ऐकताना ती दोन वर्षांची असल्यासारखी माझ्या तोंडाकडं बघत होती.

मग तिनं विचारलं, "त्या दिवशी घाबरून बोललीस, ते समजू शकते मी. पण सोनाबाईंनी सांगितल्यावर? आता आणा म्हणाल्या, तेव्हा तर काहीच अडचण नव्हती. तेव्हा का नाही आणलंस तिला?"

सांगायला पुष्कळ कारणं होती. तिचं गिऱ्हाईक तिकडं होतं. तिचं मन तिकडं रमलं होतं. पण खोटं बोलायचा मला आता कंटाळा आला होता.

"वर्ष झालं होतं, मंजू," मी म्हटलं. "ती घरात नसण्याची मला सवय झाली होती. आणि ते मला आवडायला लागलं होतं."

 मंजू राहायच्या तयारीनं आली होती. उठून तिनं पिशवी भरली आणि चारच्या एसटीला निघाली. दर वेळी निघताना वाकून पाया पडते. त्या दिवशी पडली नाही.

बरोबरच होतं तिचं.